निर्लेखनाची यादी

बाजाची पेटी. १९८६चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि १९८७ पासून देशभर खडू-फळा योजना सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि ठरलेलं साहित्य द्यायचं, हा तिचा गाभा. त्या साहित्याच्या यादीत नकाशे, पृथ्वीगोल, खेळणी यांच्या सोबत वाद्यंही होती : ढोलक किंवा तबला, पेटी आणि झांजा. खेड्यातल्या लेकरांनी गायलं पाहिजे, त्यासाठी सूर-ताल लागतो आणि तो पुरवणं सरकारचं काम आहे, हे त्या यादीनं मान्य केलं होतं. मला ती यादी आजही मोठी वाटते. परभणी जिल्ह्यातल्या मानवतसारख्या तालुक्यात ज्या घरांनी पेटी फक्त भजनी मंडळाच्या मांडीपुढं पाहिलेली, त्या घरांतल्या मुलांसाठी ती सरकारी खर्चानं येणार होती.

पेटी वाजती राहिली तरच टिकते. भाता हलला नाही की त्याचे सांधे ताठ होतात, स्वरांच्या पितळी पट्ट्यांवर थर चढतो, पावसाळ्यात लाकूड फुगून एखादी पट्टी दाबलेलीच राहते आणि मग पेटी उघडली की एकच सूर रडत बसतो. उंदरांना भाता फार आवडतो. दुरुस्तीला जिल्ह्याच्या गावी न्यावी लागते; तो खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, याचं उत्तर शाळेत कुणाकडे नसतं.

पण पेटी मोडण्याच्या आधीच बंद होते, आणि त्याचं कारण दुसरं आहे. ती शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते. मुख्याध्यापकाची बदली झाली की त्या रजिस्टरवरूनच चार्ज द्यायचा-घ्यायचा. वस्तू कमी भरली तर वसुली. मुलांच्या हातात दिली आणि बिघडली तर जबाबदारी कुणाची? म्हणून ती कपाटात, कपाटाला कुलूप. अशी पेटी दहा-दहा मुख्याध्यापकांच्या सह्यांखालून जाते आणि कुणी तिच्यावर सा लावलेला नसतो. शेवटी एक दिवस निर्लेखनाचा, म्हणजे रजिस्टरातून काढून टाकण्याचा, प्रस्ताव जातो, मंजूर होतो आणि ती भंगारात निघते. कागदावर तिचा जन्म आहे, मरण आहे. मधलं काहीच नाही.

ढोलकी. पुडा फाटेपर्यंत वापरली जाते, कारण ती कुणालाही थोडीफार येते. पुडा फाटला की संपली.

झांजा राहिल्या आहेत. पितळ आहे, झिजत नाही.

ड्रॉइंग मास्तर. या माणसाबद्दल जरा सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण यादीतली बाकीची बरीच नावं त्याच्यामुळे आहेत.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेव्हाच्या सरकारी शाळांचे तीन टप्पे : तहतानिया, वस्तानिया, फोकानिया. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद मुक्त झालं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६२ला जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या आणि सरकारी हायस्कुलं त्यांच्याकडे आली. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण बहुतेक खासगी संस्थांनी वाढवलं. आमच्याकडे तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेची प्रशाला असते, ती यामुळे. प्रशालेला कलाशिक्षकाचं पद होतं. म्हणजे चित्रकला शिकवणारा माणूस सार्वजनिक पैशातून, पूर्ण पगारावर, कायम नेमणुकीनं आमच्या भागात नांदत होता. ज्या गावात कलादालन नाही, चित्रांचं दुकान नाही, तिथं चित्र काढणं हे पोट भरण्याचं सरळ काम असू शकतं, याचा तो चालताबोलता पुरावा होता. शेतमजुराच्या मुलाला हा पुरावा दुसरीकडे कुठं मिळणार?

तो काय काय करायचा! फळ्यावरचा सुविचार त्याच्या अक्षरात. गॅदरिंगचा मागचा पडदा त्याच्या हातचा : डोंगर, नदी, देऊळ, आणि देवळाच्या कळसावर थोडा जास्तच पिवळा. प्रमाणपत्रांवरची नावं बोरूनं तोच लिहायचा. निवडणूक आली की मतदानाच्या घोषणा, पल्स पोलिओ आला की त्या घोषणा. ही सगळी वेठ होती, पण तिच्यातून वर्गातली चार पोरं त्याच्या हाताखाली तयार व्हायची. एक रंग कालवून द्यायचा, एक दोरीला खडू लावून सुतासारखी रेघ मारायचा, एक अक्षरांच्या कडा भरायचा. वेळापत्रकात न बसणारी ही शिकवणी होती आणि माझ्या मते खरी तीच.

तो सेवानिवृत्त होतो. पद रिक्त राहतं. चित्रकलेचा तास गणिताच्या किंवा इंग्रजीच्या सरांकडे जातो आणि तिथं मागं पडलेला अभ्यासक्रम पुढं सरकतो. त्या सरांना दोष देता येत नाही. त्यांना निकाल विचारला जातो.

कायद्यात कलाशिक्षक आहे. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. अट एकच : तिन्ही वर्गांचा मिळून पट शंभराच्या वर पाहिजे. मानवत तालुक्यातल्या खेड्यांतली शाळा डोळ्यांपुढं आणा. सहावीत पंधरा, सातवीत अठरा, आठवीत बारा. या शाळेत निदेशक कधीच येणार नाही आणि कायदा मोडला असंही कुणी म्हणू शकणार नाही. ज्या मुलाला घरी रंगपेटी नाही, जवळपास क्लास नाही, त्यालाच नेमका हा आकडा गाळतो. पुढं १५ मार्च २०२४चा संचमान्यतेचा, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवणारा, शासन निर्णय आला. त्यात सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली असला तर त्या वर्गांना एकही पद मंजूर नाही. जिथं भाषेच्या आणि गणिताच्या शिक्षकालाच जागा नाही, तिथं चित्रकलेचं नाव कोण काढणार?

वस्तुचित्राच्या वस्तू. ड्रॉइंगच्या खोलीत एक फळी असायची. तिच्यावर लाकडी शंकू, घन, दंडगोल, गोल. शेजारी तांब्या, किटली, बादली, पितळी समई, फुटक्या कानाचा कप. टेबलावर कापड टाकून दोन-तीन वस्तू मांडायच्या, खिडकी एकाच बाजूची उघडी ठेवायची म्हणजे सावली एकीकडे पडते. मुलं अर्धवर्तुळात बसायची, आणि प्रत्येकाच्या जागेवरून किटलीची चोच निराळी दिसायची. आपल्याला दिसतं ते शेजाऱ्याला दिसत नाही आणि दोघांचंही बरोबर असतं, हे मुलाला इतक्या स्वस्तात शिकवणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

हे सगळं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा : वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. परीक्षा अजून आहेत, उलट त्यांचा भाव वाढला आहे. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण, ब ला ५, क ला ३. गुण मिळतात हे चांगलंच आहे. मात्र शाळेत शिकवायला कुणी नसलं की मुलं तयारीला बाहेर जातात, फी भरतात, आणि तिथं वेळ वाचावा म्हणून वस्तू मांडायच्याऐवजी वस्तूंचं तयार चित्र समोर ठेवलं जातं. चित्रावरून चित्र. सावली कुठल्या बाजूला काढायची, ते पाठ. ज्यांना फी परवडत नाही, त्यांचे सात गुण घरीच बुडतात.

करोनाच्या काळात २०२०ची परीक्षा झाली नाही. त्या वर्षीची मुलं तशीच पुढं गेली.

टकळी. मानवत हे कापसाचं गाव. हंगामात बाजार समितीकडे आणि जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, रस्त्याच्या कडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे झुपके अडकून राहतात. १९३७ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, तिच्यातून मूलोद्योग शाळेत आला आणि सूतकताई मुलांच्या हाताला लागली. साहित्य किती? वीतभर चाती, खाली चकती, आणि पेळू. बोंडातला कापूस घ्यायचा, सरकी बोटांनी काढायची, रुई पिंजायची, पेळू वळायचा, टकळीला झटका देऊन सोडायची. पीळ कमी पडला तर धागा तुटतो, जास्त झाला तर स्वतःभोवतीच गुरफटतो. ते मोजमाप कुठल्या पट्टीवर नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये ते तयार होतं. चार फुटांचा तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. गुणाकार, लांबी, वजन सगळं त्यात. आणि मुलाला आपण काय पिकवतो ते कळायचं. बापाच्या वावरात जी पऱ्हाटी आहे, तिचं बोंड फुटल्यावर पुढं काय होतं, हे त्याच्या हातांना ठाऊक व्हायचं.

आज कार्यानुभवाच्या तासाला त्याच गावात क्रेप कागदाची फुलं होतात. मला क्रेप कागदाचा राग नाही. पण शाळेच्या फाटकाबाहेर कापूस उडतो आहे आणि वर्गातल्या एकाही मुलानं आयुष्यात धागा काढलेला नाही, हे मला सहन होत नाही. इथं तर अनुदानाचाही प्रश्न नव्हता.

काळी माती. तीही फुकट. शाडू आमच्याकडे दुकानातून आणावा लागतो; काळी माती पायालाच लागलेली असते. मात्र ती सरळ नाही. पाणी प्याली की फुगते, वाळली की तडकते. नुसत्या काळ्या मातीचा बैल केला तर तिसऱ्या दिवशी शिंगं गळून पडतात. म्हणून तिच्यात कापूस कुटून घालायचा, थोडी लीद किंवा राख मिसळायची, ओलं फडकं टाकून रात्रभर ठेवायची. हे घरातल्या म्हाताऱ्या बायांना यायचं आणि पोळ्याच्या आधी वर्गात ते चालायचं. पाय जाड ठेव, पोट पोकळ कर, वशिंड आधी नको. आता पोळ्याला बाजारात साच्याचे रंगवलेले बैल येतात. मुलं ते विकत घेतात आणि शाळेत रांगेनं मांडून फोटो काढला जातो. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात मातीकाम आहे, ठसेकाम आहे, कागदकाम आहे. पुस्तक मुलांना मोफत मिळतं. ते चांगलं आहे. माती मात्र पुस्तकातून भिजत नाही, तिच्यात कुणीतरी हात घालावा लागतो.

पऱ्हाटीच्या काडीचा कोळसा. सारख्या जाडीच्या काड्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकण मातीनं लिंपायचं, एक बारीक भोक ठेवायचं, डबा चुलीत टाकायचा. भोकातून धूर यायचा थांबला की काढायचा आणि गार झाल्याशिवाय उघडायचा नाही. आत चित्रकाराचा कोळसा तयार. वर्तमानपत्रावर, सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर, भिंतीवर, कशावरही चालतो. हे कुठल्याही शाळेत उद्या करता येईल.

गेरू, चुना, नीळ, हळद, चुलीवरच्या तव्याची काजळी, होळीच्या सुमाराला पळसाची फुलं. रंगांची ही नावं लिहून ठेवतो.

चित्रकलेची वही आणि रंगपेटी. लहान शाळेला आता वर्षाला एक संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट तीसपर्यंत असला तर १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार. यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती, आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवायचा किमान दहावा हिस्सा. पूर्वीचा सादिल खर्चही असाच ओढाताणीचा होता. ड्रॉइंग पेपर या रांगेत शेवटी उभा राहतो आणि त्याची पाळी येण्याआधी मार्च संपतो. मग शिक्षक स्वतःच्या खिशातून आणतात. असे शिक्षक या तालुक्यात आहेत, मी पाहिले आहेत. वर्गात एक रंगपेटी, तीही बाईंची, आणि तिच्यातला निळा सगळ्यात आधी संपलेला, कारण आभाळ सगळ्यांनाच काढायचं असतं.

फळा. सेलमधली काळी भुकटी आणि पाला वाटून शनिवारी मुलांनीच तो काळा करायचा. रंगीत खडूंनी काढलेलं फलकचित्र सोमवारी पुसलं जायचं, म्हणून दर आठवड्याला नवं. २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला, लोकसहभागातून टीव्ही आणि टॅब आले, साताऱ्याच्या कुमठे बीटचं पाहून राज्यभर फरश्यांवर तक्ते आणि गिरवायच्या आकृत्या रंगवल्या गेल्या, भिंती बोलक्या झाल्या. २०२४च्या सुरुवातीला ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान आलं, तेव्हा पुन्हा रंग चढला. शाळा देखण्या झाल्या, गावांनी वर्गणी दिली, त्याचा मला आनंद आहे. तरी भिंतीजवळ उभं राहून पाहावं : मोर, रेल्वेचा डबा, जंगल, सगळं बाहेरून बोलावलेल्या पेंटरनं ऑइलपेंटमध्ये काढलेलं. मुलांनी त्याला हात लावायचा नाही. एका शाळेत एकच भिंत, तीही मागची, मुलांसाठी कोरी सोडली असती आणि दरवर्षी चुना मारून पुन्हा कोरी केली असती, तर?

पेंटर. शाळेबाहेरचा हा दुसरा ड्रॉइंग मास्तर. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, निवडणुकीच्या भिंती, लग्नाच्या घरावरचा गणपती. शाळा सुटल्यावर पोरं त्याच्या शिडीखाली उभी राहायची. देवनागरीतला ‘क’ सपाट ब्रशनं किती वळणांत होतो, ते तिथं उभं राहून कळायचं. फ्लेक्स आला आणि शिडी गेली. उरलेल्या पेंटरांना काम मिळालं ते बोलक्या भिंतींनी, हेही खरं.

बालचित्रवाणी. १९८४ला पुण्यात सुरू झालेली संस्था. सकाळी दूरदर्शनवर तिचे शालेय कार्यक्रम लागायचे. कागदातून पक्षी करून दाखवायचे, गाणी शिकवायचे. २०१७ला ती बंद झाली.

लेझीम. शनिवारची सकाळची शाळा तिच्यासाठीच असल्यासारखी वाटायची. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, चकत्या. पन्नास मुलांनी एकदम खाली वाकून झटका दिला की मैदानाबाहेर म्हशी थबकायच्या. साखळी तुटली तर लोहाराकडे जोडून मिळायची. आता २६ जानेवारीच्या आधी पंधरा दिवस ती बाहेर निघते, आणि तालाला हलगीऐवजी स्पीकर असतो. मार्च २०२४ला शासनानं पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ काढला. त्यातून शनिवार मुलांना परत मिळाला तर या यादीतून एक नाव मी स्वतः खोडीन.

परिपाठातला आवाज. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, समूहगीत. पूर्वी एक मुलगी पुढं येऊन ओळ सांगायची, बाकीचे मागं म्हणायचे. तिची पट्टी उंच लागली की सगळी शाळा उंच. २०२३च्या १९ फेब्रुवारीपासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झालं : राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा गळा. ते ब्लूटूथच्या डब्यातून लागतं आणि मुलं हात जोडून ऐकतात. शाहिरांचा आवाज ऐकून मुलांच्या अंगावर काटा यावा, हे योग्यच. पण तो ऐकून झाल्यावर डबा बंद करून एकदा त्यांनी स्वतः म्हणावं, बेसूर झालं तरी चालेल. गाणारी मुलगी पुढं यायची बंद झाली की पुढच्या इयत्तेत तिच्याकडे बघून शिकणारी मुलगीही राहत नाही.

नोंदी. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. कला आणि कार्यानुभव यांच्या वर्णनात्मक नोंदी प्रत्येक मुलाच्या नावापुढं कराव्या लागतात. चित्रात योग्य रंगसंगती वापरतो. मातीपासून विविध आकार तयार करते. गीत तालासुरात म्हणतो. या नोंदी तयार मिळतात, शिक्षक एकमेकांना पाठवतात, त्या उतरवल्या जातात. कागदावर मानवत तालुक्यात कलाशिक्षण शंभर टक्के आहे. या यादीतली ही एकच गोष्ट वाढते आहे, आणि ती वाढते म्हणून बाकीच्यांची कमी वरपर्यंत पोचत नाही.

संबळ. परभणी जिल्हा गोंधळ्यांचा. राजाराम कदमांसारखा गोंधळी याच जिल्ह्यानं दिला. गंगाखेडच्या जनाबाईच्या ओव्या अजून घरोघर म्हणतात. शाळेच्या वर्गात गोंधळ्याचं, वासुदेवाचं, पोतराजाचं लेकरू बसलेलं असतं. रात्री बापाबरोबर तुणतुणं धरून, संबळ ऐकत जागलेलं, म्हणून सकाळी पेंगत असतं. त्याला जो ठेका येतो, तो शाळेतल्या एकाही मोठ्या माणसाला येत नाही. दहावीला शास्त्रीय कला आणि लोककला यांचेही वाढीव गुण आहेत. त्यासाठी मंजूर यादीतल्या संस्थेचा कागद लागतो. बापाकडून शिकलेल्या पोराकडे तो कागद नसतो. खडू-फळा योजनेच्या यादीत पेटी होती, ढोलक होतं. संबळ नव्हतं, कारण ते विकत आणायची गरजच नव्हती. ते दुसऱ्या बाकावर बसलं होतं. त्या लेकराच्या बापाला महिन्यातून दोन शनिवार शाळेत बोलवावं आणि मानधन द्यावं. संयुक्त अनुदानात त्याच्यासाठी शीर्ष नसेल, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ते मागून घ्यावं.